मिस चांदणीची ओटी

शिलाईच्या दुकानात रोज संध्याकाळी टेबलाखाली झाडू मारला की चिंध्यांची एक पिशवी भरते. वाटतं, झालं आता स्वच्छ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढ्याच चिंध्या! किश्श्यांचंही तसंच असतं. बाई माप द्यायला हात वर करून उभी राहिली, टेप अंगाला लागला, की तोंड आपोआप सुरू होतं.

आमच्या दुकानात निम्मे किस्से एकाच बाईचे. मिस चांदणी. तुम्ही तिला मोबाईलवर पाहिलं असेल. तिच्या बाजाराच्या गाण्यावर कुणाच्या ना कुणाच्या वरातीत नाचलाही असाल. आम्ही मात्र तिला मंगल म्हणतो. कारण स्टेजवर जाण्याआधी ती आमच्याच दुकानात हुक लावायला होती.

दुकान नांदेडला, जुन्या बाजारामागच्या गल्लीत. मालकीण रजियाआपा, कटिंग त्यांचं. मशीनवर मी आणि विमल. मी तशी भांडणारी बाई नाही. दहावी झाले, लग्न झालं, मशीन आली, आवाज न चढवता आयुष्य चाललंय. पण मंगलला कुणी नावं ठेवायला लागलं की माझा पाय मशीनच्या पायडलवर जोरात पडतो आणि दोरा तुटतो. विमल म्हणते, "सुनंदाताई, राग मशीनवर नका काढू. तिनं काय केलंय?"

*

मंगल आपल्या मराठवाड्यातल्या मुरुडची. नवऱ्यानं सोडली, तेव्हा नांदेडला मावशीकडं आली आणि आमच्याकडं कामाला लागली. हुक लावता लावता गायची. आवाज असा, की एकदा माप द्यायला आलेली बाई म्हणाली, "आपा, तो रेडिओ जरा बारीक करा."

आपा म्हणाल्या, "रेडिओ नै है अम्मा, पोरगी है. बटन नै इसको!"

तिचा पहिला कार्यक्रम लग्नातल्या ऑर्केस्ट्राचा. ड्रेस आम्हीच शिवला, उरलेल्या अस्तराच्या तुकड्यांचा, वर टिकल्या चिकटवून. पहिल्याच गाण्यात अर्ध्या टिकल्या गळाल्या. खाली पोरं ओरडली, "चांदण्या पडल्या, चांदण्या!" दुसरी कुणी असती तर रडत आत गेली असती. हिनं माईकवर सांगितलं, "वेचा रे, घरी न्या. उद्या महाग होतील."

तिथून ती चांदणी झाली.

नवरदेवाच्या मामानं त्या दिवशी तिला पंगतीत बसू दिलं नाही. "नाचगाणंवाले मागं बसतात," म्हणाला. मंगल मंडपामागं, टेम्पोच्या सावलीत जेवली. आता त्याच मामाच्या घरात तिच्यासोबतचा फोटो फ्रेम करून लावलाय. त्याच्या सुनेनंच सांगितलं. वर विचारते, "तुमची वळख हाय ना? घरी जेवायला आणा की एकदा!"

*

मग ते बाजाराचं गाणं आलं. मुखेडच्या आठवडी बाजारात एक पोरगी बांगड्यांसाठी घासाघीस करते, एवढंच गाणं. पण एसटीत तेच, डीजेवर तेच, गिरणीत तेच. बघता बघता मंगलनं पुण्याला बंगला बांधला, मोठी पांढरी गाडी घेतली.

आणि इथं सगळ्यांच्या पोटात दुखायला लागलं!

एक बाई ब्लाऊज न्यायला आली. उसासे टाकण्यात पटाईत. म्हणाली, "गाडी लई भारी हाय म्हणे तिची. कुणी दिली असंल?"

विमल मान वर न करता म्हणाली, "बँकेनं."

"न्हाई, म्हणजे... मागं कुणी तरी असंलच की."

"हाय ना. मागं ड्रायव्हर बसत न्हाई, पुढं बसतो. मागं ती स्वतः बसती."

बाई हिरमुसून गेली. मला मात्र दिवसभर चैन पडलं नाही. मागच्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एका गायक पोरानं गाडी घेतली, तर चौकात केवढा मोठा फ्लेक्स लागला! खाली शुभेच्छुकांची रांग. त्याला कुणी विचारलं का, कुणी दिली म्हणून? पोरगा गातो तेव्हा कला, आणि पोरगी गाते तेव्हा भानगड?

बंगल्याच्या गच्चीवर पोहायचा तलाव आहे, असंही गावभर झालं होतं. मंगल आली तेव्हा मी विचारलंच.

ती म्हणाली, "हाव ताई, हाय ना. काळ्या रंगाचा, गोल, वर झाकण. प्लंबर महिन्यातून एकदा उतरून धुतो."

*

आता एका कापडाचा किस्सा. मध्येच का सांगतेय ते पुढं कळेल.

आहेरात मिळालेलं ब्लाऊज पीस कुणी शिवत नाही, हे सगळ्या बायकांना ठाऊक आहे. ते कपाटात ठेवायचं आणि पुढच्या हळदीकुंकवात दुसरीला द्यायचं. पीस गावभर फिरतं. चुकून एखादी शिवायला आणते, तेव्हा कळतं की त्यात बाह्याच निघत नाहीत.

असं एक पीस आमच्याकडं पुन्हा पुन्हा यायचं. मोरपंखी रंग, पिवळी बुट्टी, कडेला इस्त्रीचा डाग. दर वेळी आणणारी बाई वेगळी. आपा पसरून बघायच्या, "नै होता अम्मा, छोटा है." बाई म्हणायची, "मग राहू द्या. देऊन टाकते कुणाला तरी."

आम्ही त्याचं नाव ठेवलं होतं पाहुणा. पिशवीतून मोरपंखी टोक दिसलं की आपा टाळी वाजवायच्या, "आ गया पाहुना!"

*

मंगलच्या भावानं मुरुडला घर बांधलं. बांधलं म्हणजे मंगलच्या पैशानं बांधलं. हे मी नाही, मुरुडचा कुणीही सांगेल. वास्तुशांतीला ती मला सोबत घेऊन गेली. गाडी गल्लीत शिरली तशी पोरं काचेला लागली, भाऊ धावत आला, मोबाईलसमोर तिच्या गळ्यात पडला.

दुपारी भावजय बायकांच्या ओट्या भरायला लागली. चुलत नणंदा, मावसनणंदा, शेजारणी, सगळ्या ओळीनं. मंगलच्या पुढं आली आणि ताट घेऊन सरळ पुढं सरकली. मग वळून गोड हसली, "वन्स, तुमचं आता तसलं काही न्हाई ना. तुम्ही एक गाणं म्हणा की!"

म्हणे नवऱ्यानं सोडलेल्या बाईची ओटी भरत नाहीत! आणि ज्यानं सोडली, तो दुसरं लग्न करून सगळ्या सोयऱ्यांकडं टोपी-टॉवेलाचा मान घेत फिरतोय. त्याचा आहेर चालू आणि हिची ओटी बंद. हा कुठला न्याय? घर हिच्या पैशाचं, फरशी हिच्या पैशाची, ते तांदळाचं ताट ज्या ओट्यावर ठेवलं तोही हिच्या पैशाचा!

मंगलनं गाणं म्हटलं. सगळं, शेवटच्या कडव्यापर्यंत.

परत येताना गाडीत बसलो. मग म्हणाली, "आई गेल्यापासून माझा पदर कुणी भरला न्हाई, ताई. तांदूळ मी पोत्यानं घेऊ शकते. पण स्वतःची ओटी स्वतः कशी भरायची?"

 ड्रायव्हरनं गाण्याचा आवाज बंद केला.

*

त्यानंतर नांदेडच्या एका महिला मंडळानं हळदीकुंकवाला तिला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. मंडळाच्या अध्यक्ष माईसाहेब, मोठ्या घरच्या. मंगल लगेच हो म्हणाली. मानधनाचं विचारलंसुद्धा नाही. मला फोनवर म्हणाली, "हळदीकुंकू हाय ताई. स्टेज शो न्हाई." आवाजात काय होतं ते मला कळलं. आम्ही तिघी दुकान बंद करून गेलो. आपा म्हणाल्या, "लडकी के मैके का मामला है."

हॉल एवढा भरला की बायका खिडकीत उभ्या. माईसाहेबांनी भाषण केलं. स्त्रीशक्ती म्हणाल्या, मराठवाड्याची लेक म्हणाल्या, टाळ्या झाल्या. मग स्टेजवरच्या पाहुण्यांच्या ओट्या सुरू झाल्या. डॉक्टरीणबाईंची भरली, मुख्याध्यापिकाबाईंची भरली. मंगल उठून उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला.

माईसाहेब थांबल्या. ताटातले तांदूळ ताटातच राहिले. बाजूच्या बाईनं कानात काहीतरी सांगितलं. मग माईसाहेबांनी नारळ आणि एक ब्लाऊज पीस उचललं, मंगलचा उजवा हात धरला आणि हातात ठेवलं. "हातातच देते हं," म्हणाल्या. "सोयीचं पडतं."

पदर डाव्या हातात तसाच धरलेला. रिकामा.

फोटोवाला म्हणाला, "मॅडम, स्माईल!" आणि मंगल हसली. मला ते हसू बघवलं नाही. त्यानंतर त्याच बायकांनी सेल्फीसाठी एवढी रेटारेटी केली, की खुर्च्या पडल्या! चांदणीच्या खांद्यावर हात ठेवायला चालतो. पदरात पसाभर तांदूळ घालायला चालत नाही.

ती थेट आमच्यासोबत दुकानात आली. नारळ पिशवीत ठेवला आणि पीस टेबलावर टाकलं.

मोरपंखी रंग. पिवळी बुट्टी. कडेला इस्त्रीचा डाग.

आपांनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! पाहुना!"

विमल तर शिव्याच द्यायला लागली. आम्ही मंगलला पाहुण्याची सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं ती रडेल. ती पोट धरून हसायला लागली, हसता हसता खुर्चीवर बसली आणि मग डोळे पुसून म्हणाली, "आपा, शिवा हे."

"पागल है क्या? बाह्या नै निकलते."

"दुसऱ्या कापडाच्या जोडा. डाग पुढं येऊ द्या."

आपांनी वरच्या फळीवरून एक गठ्ठा काढला. त्यात तिच्या पहिल्या ड्रेसचं उरलेलं लाल अस्तर होतं. इतकी वर्षं ठेवलं होतं, आम्हालाही माहीत नव्हतं.

*

पुढच्याच आठवड्यात नांदेडला मैदानावर तिचा शो होता. मोरपंखी ब्लाऊज, लाल भडक बाह्या, पुढं इस्त्रीचा डाग. पहिलं गाणं झालं आणि ती माईकवर म्हणाली, "आज मी डिझायनर ड्रेस घातला न्हाई. हे पीस मला माझ्या माहेरच्या बायकांनी दिलं. बाह्यांपुरतं कमी पडलं, तेवढं रजियाआपांनी जोडलं."

पुढच्या रांगेत माईसाहेब होत्या. त्यांनी सगळ्यांकडं बघून मान डोलावली. त्यांना वाटलं, आपलं कौतुकच चाललंय!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला गेलो, तर शटरसमोर बायकाच बायका. प्रत्येकीच्या हातात कपाटातलं, वर्षानुवर्षं फिरलेलं, बाह्या न निघणारं पीस. "चांदणी पॅटर्न शिवून द्या!" एकीनं तर डाग नाही म्हणून मुद्दाम इस्त्रीनं डाग पाडून द्यायला सांगितलं. विमल म्हणाली, "डागाचे वेगळे पैसे पडतील." बाई म्हणाली, "चालतील."

*

त्याच आठवड्यातली गोष्ट. मंगल पुण्याला परत जाण्याआधी निरोप घ्यायला दुकानात आली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. आपांनी कात्री ठेवली आणि विमलला विचारलं, "वो ओटी कैसी भरते, बोल मेरेकु."

विमल म्हणाली, "तांदूळ लागतात, नारळ लागतो, खण लागतो. पण आपा, तुम्ही..."

"मैं क्या? हात नै मेरेकु?"

मी शेजारच्या किराणा दुकानातून तांदूळ आणि नारळ आणला. आपांनी ठाणातून नवं कोरं कापड फाडलं. मोजलं आणि पुन्हा हातभर जास्त घेतलं. "बाह्या कम नै पडना," म्हणाल्या. मंगलनं पदर पसरला. मी खालून पदर धरला. आपांनी ओंजळीनं तांदूळ घातले. 

तेवढ्यात दारातून आवाज आला, "आपा, मला पण तो चांदणी पॅटर्न..."

माईसाहेब! हातात पीस.

आपा मागं न बघता म्हणाल्या, "बैठो माईसाहेब. नंबर लगेगा. पहले हमारी लडकी की ओटी है."

बायकांनी वाट दिली नाही. माईसाहेब स्टुलावर बसल्या. मंगलनं भरलेल्या ओटीतले चिमूटभर तांदूळ रीतीप्रमाणं आपांच्या हातावर परत ठेवले, त्यांच्या पाया पडली. पदराची गाठ कमरेला खोचली. मग पिशवीत हात घालून तिनं एक नारळ बाहेर काढला. हॉलमधलाच. हळदीकुंकू लागलेला, अजून न फोडलेला.

ती माईसाहेबांपुढं जाऊन उभी राहिली. माईसाहेबांनी नारळ घ्यायला उजवा हात पुढं केला.

"हातात नको, माईसाहेब," मंगल एकदम हळू म्हणाली. "पदर करा."

  रांगेतल्या दोघीतिघींचे मोबाईल वर आले होते. माईसाहेबांनी एकदा दाराकडं पाहिलं, एकदा मंगलच्या ओटीकडं पाहिलं.

मग त्या स्टुलावरून उठल्या आणि त्यांनी पदर पसरला.