आत्याचं स्थळ आणि सवा महिना

खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी घरात असली की तिच्या काठावर मीठ साचतं. पुसा, दोन दिवसांनी परत आहेच. आमच्या ग्रुपचे किस्से पण सेम. ग्रुप म्हणजे असे मासे पाळणारे आम्ही तिघंच: बोरीवलीचा शैलेशदादा, त्याच्याच बिल्डिंगमधला प्रत्या आणि दहिसरची मी.

दोन वर्षांपूर्वी दादाने दुकानातून आणलेला मासा डायरेक्ट मोठ्या टाकीत सोडला. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले, ते सगळ्या माशांवर पसरले आणि आठ दिवसांत टाकी साफ. वाचली एकटी आत्या. आत्या म्हणजे केशरी क्लाउनफिश. कोणी जवळ गेलं की अंगावर धावते, म्हणून आत्या!

तेव्हापासून नियम: नवा मासा आधी चाळीस दिवस वेगळ्या टाकीत. तीही वेगळ्या घरात, कारण दादाचा स्वतःच्या ओल्या हातावर पण भरवसा नाही. यंदा त्याने आत्याला जोडीदार आणायचं ठरवलं, आणि वेगळं घर म्हणून नंबर लागला माझा.

*

आधी समुद्राचं पाणी हवं. मी आणि प्रत्या कॅन घेऊन मनोरीला. तिथली एक कोळीण मावशी बघतच राहिली. लोक मासे घ्यायला येतात, तुम्ही पानी का नेता, म्हणाली. प्रत्या शांतपणे, "मासा येणारच आहे मावशी, पाण्याचीच अडचण आहे."

मावशी हळूच मला म्हणाली, "ह्याला कोनाला तरी दाखव."

ते पाणीसुद्धा दादाने झाकण लावून तीन आठवडे अंधारात ठेवायला लावलं. आमच्या ओट्याखाली. मासा यायच्या आधी पाणीच क्वारंटाइन!

*

मग दुकान. दादाचे प्रश्न संपेचनात. खातो का, धापा टाकतो का, आधी कोणाबरोबर राहायचा. दुकानदार शेवटी म्हणाला, "साहेब, मासा नेताय की मुलगी देताय?"

*

माझी आई मालवणची. तिला मी क्वारंटाइन समजावत होते, तर ती म्हणते, "चाळीस दिवस? म्हणजे सवा महिनो. बाळंतिणीचो. सरळ सांग मां."

झालं! शेजारच्या काकू मासा बघायला आल्या, तर आईने त्यांना दारातूनच परत पाठवलं. सवा महिन्याने या म्हणाली.

*

एकतिसाव्या दिवशी प्रत्याने त्याच टाकीत स्वतःचा नवीन मासा सोडला. का, तर आपला एकटा बोअर होत होता. मी दादाला फोन केला. पलीकडून आवाज आला, "आज पहिला दिवस."

आणि तिसऱ्या दिवशी प्रत्याच्या माशावर पांढरा ठिपका. वाट लागली! औषध चालू, आमचा हिरो खायचा बंद. आई ऑफिसला उशिरा जायला लागली. पाइपच्या तुकड्यात लपलेल्या त्या बोटभर जिवाला ती कोळंबीचा कण दाखवत बसायची. पाचव्या दिवशी त्याने खाल्लं. दोघंही वाचले. प्रत्याला मात्र आमच्याकडे चहा बंद झाला.

*

नवे चाळीस दिवस भरले. दादा नवा शर्ट घालून न्यायला आला. आईने मुलाकडची असल्यासारखं टाकीवरचं झाकण दाबून धरलं.

"सगळे नियम आमच्याच झिलाक? त्या रोगातसून तुझी आत्या वाचली मां? मग तिच्या अंगात तो नाय कशावरून? तिका कधी वेगळी ठेवलंस?"

दादा चहा अर्धा ठेवून रिकाम्या हाताने निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात दादा, हातात झाकणाची बादली.

"काकी, हिचा आज पहिला दिवस धरा."