दाजींची हाव

अशी सरक की गं जवळ. अन् तो मोबाईल ठेव बाजूला. माणूस बोलून राहिलंय आणि तुझं बोट आपलं वरखाली. आमच्या दाजींएवढी हाव असलेला आमदार उभ्या मराठवाड्यात झाला नाही. दचकू नकोस, पुण्याची हाव नव्हे, आपल्याकडची, म्हणजे ‘हो’. कुणी काहीही मागो, अक्काच्या या नवऱ्याचं उत्तर एकच, ‘हाव.’ रस्ता पाहिजे? हाव. लेकाची बदली? हाव. देगलूरच्या बाजारात कुणी तेलुगूत मागितलं तर ‘अवुनु’, कन्नडात मागितलं तर ‘हौदु’. दोन्ही भाषांतला तेवढा एकच शब्द त्यांना येतो, आणि तेवढ्यावर ते वर्षानुवर्षं निवडून आले. एकदा म्हणे विधानसभेत डुलकी लागलेली. विरोधकांच्या ठरावावर अध्यक्षांनी विचारलं, तर हे आपल्याच सरकारविरुद्ध खणखणीत ‘हाव!’ म्हणत जागे झाले.

आता माझं शहाणपण ऐक. मी आमदाराची सख्खी मेव्हणी, त्यामुळं निम्मं सरकार आपल्याच पदराला बांधलंय असं मला वाटायचं. आमच्या गल्लीत नळ नव्हता. दाजी जेवायला आले तेव्हा भाकरी वाढता वाढता मी नळ मागून घेतला. म्हणाले, ‘हाव.’ दुसऱ्याच दिवशी मी सगळे हंडे-घागरी मोडीत घातल्या आणि एक झोकदार परात आणली. नळ काही आला नाही. मग काय, डोक्यावर कुकर घेऊन मी आडावर! शेजारीण रोज विचारायची, “किती शिट्ट्या झाल्या ओ, आमदाराच्या मेव्हणीबाई?”

एवढी हसू नकोस. तणतणत गेले दाजींकडं. “खोटं कशाला बोलता ओ?”

ते बिचारे गोंधळलेच. “न्हाई म्हणलं की माणूस उठून जातंय, मेव्हणीबाई. हाव म्हणलं की बसतंय. च्या पितंय, लेकराबाळाचं सांगतंय.”

यंदा निवडणुकीत ते पहिल्यांदाच पडले. बैठकीत सतरंजी अजून अंथरलेली असते. दाजी सकाळीच कडक इस्त्रीचे कपडे चढवून बसतात आणि अक्काला विचारत राहतात, “कुणी आलतं का?” चहाचं मोठं पातेलं आता माळ्यावर टाकावं असं अक्का म्हणते, पण तिचा हात धजत नाही.

म्हणून बाजाराच्या दिवशी मीच एखादं गाऱ्हाणं घेऊन जाते. परवा सांगितलं, आमच्या दारचा विजेचा खांब वाकलाय. लगेच ताठ बसले. हापिसात फोन लावला. पलीकडचा साहेब पुरतं ऐकूनही न घेता म्हणाला, “हाव, साहेब, हाव.”

दाजींनी फोन हळूच खाली ठेवला. मग माझ्याकडं बघून हसले. “मेव्हणीबाई, ह्यो तर माझाच हाव हाय की.”

मला काही हसू येईना. मी आणखी एक कप चहा मागितला, नको असताना.

तूही ये बाई एकदा त्यांच्याकडं, लवकर ये. मीही असतेच तिथं. येताना एखादं गाऱ्हाणं संगं आण. सोपं नको, चांगल्या चार-सहा चकरा माराव्या लागतील असं बघ.