बुडालेल्या गावातला तास

इतिहासाच्या अध्यापनाचं पुढे काय होणार, यावर लोक चर्चासत्रं भरवतात. मीही एकदोन ठिकाणी समोसे खाऊन आलो आहे. शहापूरच्या आमच्या कॉलेजात प्रश्न सरळ होता. पहिल्या वर्षातून पुढे इतिहास घ्यायला एकच मुलगी तयार होती. ती गेली की विषय बंद. आणि तिच्या वडिलांनी तर ठरवूनच टाकलं होतं, की पोरीने विषय बदलावा आणि वाशिंदच्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात चिकटावं. "राजं कदी मेलं ते मोबाइल सांगतो, सर," ते मला तोंडावर म्हणाले. राग आला.

मे महिन्यात धरणाचं पाणी खाली गेलं की त्यांचं बुडालेलं गाव उघडं पडतं. गावदेवीला नारळ द्यायला गावकरी तेव्हा खाली उतरतात. यंदा त्यांच्याबरोबर मी वर्गच घेऊन गेलो.

भेगाळलेला गाळ आणि घोट्याएवढी जोती, एवढंच उरलं होतं. आम्ही सरळ चालत सुटलो. गावकरी मात्र नसलेल्या गोठ्यांना वळसा घालत, नसलेल्या गल्ल्यांतून येत होते. मुलगी एक जोतं ओलांडून आत गेली, तसे वडील ओरडले, "अगो, भिंतीतून काय येतेस? दार नाय काय?"

ती बावरून मागे आली. वडिलांनी उंबऱ्याच्या दगडाबाहेर चपला काढल्या, मान वाकवली आणि आत आले. ना चौकट, ना छप्पर. हे त्यांचं घर सुटलं तेव्हा ते एवढेसे होते, त्यांना वाकावं लागतच नसणार. वाकणारा बाप त्यांनी पाहिला असणार. इतकी वर्षं शिकवतोय, पण इतिहास असा दारातून आत येताना कधी पाहिला नव्हता. मुलांनीही चपला काढल्या आणि एकेक जण वाकून आत आला.

"बाबा, चूल कुठं होती?" मुलीने विचारलं. त्यांनी दाखवली. मग शेजारचं घर, त्याच्या पुढचं. ती विचारत गेली, ते सांगत गेले. एका जोत्यापाशी मात्र थबकले.

"हितं कोन रव्हायचं... आठवत नाय गो."

ते तिथेच खाली बसले. चेहरा उतरला होता. मग मला म्हणाले, "सर, हिचं शिकून व्हायला किती वर्सं लागतील?"

"अजून दोन तरी."

देवीपाशी टेकलेल्या म्हाताऱ्यांकडे त्यांनी पाहिलं.

"लवकर नाय व्हायचं काय?"