तात्पुरते बेटाचे राष्ट्राध्यक्ष

कोणतंही बटण दाबण्याआधी ते मागे वळून बघायचे. बोट कीबोर्डच्या वर अधांतरी, मान अर्धी वळलेली आणि चेहऱ्यावर परीक्षेला बसल्यासारखी काळजी.

"दाबू ना मॅडम?"

"दाबा."

"तुम्ही म्हणताय म्हणून दाबतो."

मग बटण दाबलं जायचं. पडद्यावर एखादं अक्षर उमटायचं, आणि त्याची जबाबदारी कायमची माझ्यावर यायची.

नव्वदचं दशक अर्ध्याच्या पुढे गेलं होतं. नवीन पनवेलमध्ये एका मिठाईच्या दुकानाच्या वर माझा कॉम्प्युटर क्लास होता. खोलीत चार मशिनं, एक घरघरणारा एसी आणि दाराबाहेर चपलांचा ढीग. चपलांच्या धुळीने मशिन बिघडतं असा समज तेव्हा सगळीकडे होता. आमच्या भागात तो मीच पसरवला होता.

हे गृहस्थ जुन्या पनवेलमधल्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. कचेरीत कॉम्प्युटर येणार, सगळ्यांनी शिकून घ्या, असा आदेश वरून आला होता. बाकीच्यांनी तो वाचून सही केली. हे एकटेच खरोखर शिकायला आले. शनिवारी दुपारी खांदा कॉलनीतून चालत यायचे, चपला भिंतीला समांतर लावायचे आणि खिशातल्या रुमालाने माऊस पुसून मगच हात लावायचे.

तो माऊस त्यांना काही केल्या वश होईना. बाण वर न्यायचा म्हटलं की ते माऊसच टेबलावरून वर उचलायचे. शेवटी मी एक गेम लावून दिला. आमची मशिनं जोडून देणाऱ्या माणसाने तो आपणहून भरून ठेवला होता. निळ्या समुद्रात एक हिरवं बेट, थोडी माडाची झाडं, एक कोळीवाडा, एक धक्का. त्या बेटाचं राज्य आपण चालवायचं. मंत्री येऊन काहीबाही मागतात, आपण हो किंवा नाही म्हणायचं. लोक फार चिडले किंवा लष्कर बिथरलं, तर आपलं राज्य गेलं.

त्यांनी पडद्यावरचं इंग्रजी कचेरीतला मसुदा वाचावा तसं मोठ्याने वाचलं. मग मान वळली.

"मॅडम, यात मी राष्ट्राध्यक्ष आहे असं लिहिलंय."

"हो."

"माझ्या वर कोण?"

"कोणी नाही."

"म्हणजे सचिव वगैरे?"

"ते तुमच्या खाली."

"मग फाईल शेवटी जाते कुठे?"

"तुमच्यापाशीच थांबते."

ते उठले. माठातलं पाणी प्यायले. परत येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "असं कसं चालेल?"

गेमने बेटाचं नाव विचारलं. नाव पुढे बदलता येईल ना, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं आणि मगच "तात्पुरते" असं इंग्रजी अक्षरांत टंकलं. पुढे त्या बेटावर किती सरकारं आली आणि बुडाली, नाव तेच राहिलं.

पहिल्या सरकारात त्यांनी एकही निर्णय घेतला नाही. बंदर उत्तरेला बांधू की दक्षिणेला, असं मंत्री विचारायचा. हे उत्तर न देता गेममधला पुढचा महिना आणायचे. तो पुन्हा विचारायचा, हे पुन्हा पुढचा महिना आणायचे. "विचाराधीन ठेवलंय," मला सांगायचे. वर्ष उलटायच्या आत लष्कराने उठाव केला. पडद्यावर एक छोटी होडी आली, तीत टोपी घातलेला एक माणूस बसला आणि होडी समुद्रात निघून गेली.

त्यांची मान माझ्याकडे वळली.

"माझी बदली झाली का?"

"बदली नाही, हकालपट्टी."

"मग पेन्शन?"

क्लासमधली सगळी पोरं हसली. तेही हसले, पण पेन्शनचं काही उत्तर मिळेना म्हणून थोडे अस्वस्थच होते.

पुढच्या शनिवारी ते वेळेआधी हजर. धडा उरकून म्हणाले, "जरा तात्पुरतेचं बघू का?" या वेळी त्यांनी मागेल त्याला मागेल ते दिलं. शाळा, दवाखाने, रस्ते, कोळ्यांना नवी जाळी. तिजोरी रिकामी झाली आणि होडी आली. तिसऱ्या वेळी कॉलेजच्या पोरांनी सल्ला दिला की काका, तुम्ही फार मऊ आहात, जरा जरब बसवा. पोरांच्या आग्रहाखातर त्यांनी वर्तमानपत्र बंद केलं आणि विरोधी पक्षनेत्याला तुरुंगात टाकलं. सोमवारी क्लास नसताना ते कचेरीतून परस्पर आले.

"मॅडम, तो विरोधी पक्षनेता सोडता येतो का?"

"का हो?"

"दोन दिवस डोक्यात तेच आहे. त्याच्या घरचे काय म्हणत असतील."

आम्ही मशिन सुरू केलं, त्याला सोडलं, आणि त्याने सुटल्याबरोबर ह्यांचं सरकार पाडलं. ह्यांना त्याचं वाईट वाटलं नाही. होडीकडे बघून म्हणाले, "बरं झालं. आता झोप लागेल."

पडद्यावर लष्करप्रमुख आला की ते जरा सावरून बसायचे. तो तुमच्या हाताखालचा आहे, असं मी सांगून पाहिलं. "असेल, पण गणवेशात आहे," ते म्हणाले.

तुमच्याही ओळखीत असा कोणी असेल, ज्याने जन्मात कधी शेवटचा शब्द उच्चारला नाही. ह्यांच्या कचेरीत साहेब होते आणि घरात दादा. दादा म्हणजे थोरले बंधू, पेणला भाताची गिरणी चालवणारे. ह्यांनी कोणत्या परीक्षेला बसायचं, कोणाशी लग्न करायचं, खांदा कॉलनीत कितव्या मजल्यावर घर घ्यायचं, सगळं पेणहून ठरून आलं होतं. मुलीचं अंजू हे नावसुद्धा दादांनी पोस्टकार्डाने कळवलेलं. हे सगळं सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नसायची. पाऊस कुठून येतो ते सांगावं तसं सांगायचे.

एकदा मी विचारलं, की तुम्हाला या बेटात एवढं काय आवडतं. त्यांनी नीट विचार केला. "इथे लोक माझ्याकडे येतात," ते म्हणाले. "आणि मी नाही म्हटलं तरी आभाळ कोसळत नाही. अगदीच चुकलं, तर होडीत बसायचं. मग पुन्हा नवं बेट."

हळूहळू त्यांचं राज्य टिकायला लागलं. बंदर उत्तरेला बांधायचं, कारण दक्षिणेला कोळीवाडा आहे, एवढं त्यांचं त्यांना कळलं. माझ्याकडे वळून बघणं कमी झालं. एका शनिवारी अंजू त्यांना बोलवायला आली. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात ती नोकरी करायची. दारात चपला काढताना तिने आतून वडिलांचा आवाज ऐकला.

"नाही म्हणजे नाही. धक्क्यावरचं एकही घर हलणार नाही. तुम्हाला जमत नसेल तर राजीनामा द्या." हे ते बंदर मंत्र्याला सांगत होते.

अंजू एक पाय चपलेत ठेवून तशीच उभी राहिली. मग माझ्या कानाशी म्हणाली, "मॅडम, हे आमचे बाबाच ना?"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते मला म्हणाले, "मुलीने एक प्रस्ताव सादर केलाय." तिच्या ऑफिसातच एक मुलगा होता, उरणकडच्या कोळीवाड्यातला. घरचा मासेमारीचा धंदा, हा एकटा शिकून नोकरीला लागलेला. तिला त्याच्याशी लग्न करायचं होतं.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"पेणला पाठवलाय."

पुढच्या आठवड्यात मी विचारलं, उत्तर आलं का. "नामंजूर," ते म्हणाले. "शेरा बराच मोठा आहे." त्या दिवशी त्यांनी बेट उघडलं नाही. नुसतं माऊस पुसत बसले आणि लवकर घरी गेले.

दादा शेरा मारून थांबणारे नव्हते. एका शनिवारी ते कोणालाही न कळवता पेणहून पाहुणेच घेऊन आले, मुलगी दाखवायला. अंजू आतल्या खोलीत कडी लावून बसली. वडील घरी नव्हते. कुठे आहेत, तर क्लासला. दादा तडक माझ्या जिन्यावर. गिरणीच्या घरघराटात आयुष्य गेल्यामुळे त्यांचा साधा आवाजही खालच्या मिठाईवाल्याला ऐकू जायचा.

"ऊठ," ते पाठीमागे येऊन म्हणाले. "घरी पाहुणे आलेत. पोरीला बाहेर यायला सांग."

ह्यांनी मागे बघितलं नाही. "दादा, थोडं थांबा. लष्करप्रमुख आलेत."

मी इतकी घाबरले की एसीचं बटण विनाकारण बंद करून परत सुरू केलं. दादांना वाटलं लष्करप्रमुख खरोखर खोलीत आहेत. त्यांनी चहूकडे पाहून घेतलं. तेवढ्यात हे पडद्याकडे बघतच, पाढा म्हणावा तशा एका सुरात म्हणाले, "अंजूचं लग्न ती म्हणते तिथेच होईल."

"कोणी ठरवलं?"

"मी."

बोलता बोलता ह्यांनी पूर्वीसारखा माऊसच टेबलावरून वर उचलला. खाली टेकवताना तो भलतीकडे सरकला, लष्करप्रमुखाला नकार गेला आणि तात्पुरतेच्या किनाऱ्याला होडी लागली.

दादा वाकून बघायला लागले. "हा कोण चाललाय?"

"मी."

"तू? कुठे?"

"राज्य गेलं माझं, दादा."

"का गेलं?"

"फौजेला पगारवाढ दिली नाही म्हणून."

"का नाही दिलीस? फौज नाराज ठेवून कोणी राज्य करतं का? सरक तिकडे."

आणि खरोखर, घरी पाहुणे ताटकळत असताना, दादा त्या खुर्चीवर बसले. त्यांनी आल्याआल्या सगळे मंत्री काढून टाकले, कारण एवढी माणसं कशाला. कर वाढवला. कोळ्यांना भात लावायला सांगितलं. फौजेला मात्र भरपूर दिलं. मी मागवलेला चहा खालून वर येईपर्यंत सगळं बेट रस्त्यावर उतरलं होतं. लोकांसोबत फौजही. होडी आली.

"ह्यात मी का?" दादांनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच माणसाएवढा होता.

"सगळ्यांनाच बसावं लागतं," धाकटे बंधू समजुतीने म्हणाले. "चहा घ्या."

मग दोघे भाऊ घरी गेले. उतरताना धाकट्यांनी स्वतःच्या चपला सोडून दादांच्याच घातल्या होत्या. दादांच्या ते लक्षात आलं नाही, तेही दुसऱ्याच कुणाच्या तरी चपला घालून गेले. घरी काय झालं ते मला अंजूने सांगितलं. बाबांनी पाहुण्यांना हात जोडले आणि म्हणाले, "पोहे खाऊन जा. मुलीचं ठरलेलं आहे. तुम्हाला कळवायला उशीर झाला, त्यात चूक माझी." आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, म्हणे, की ती आधी रडेल की हसेल ते अंजूला कळेना. पाहुणे पोहे खाऊन गेले. दादा न खाता गेले.

लग्नाला दादा येणार नाहीत असं सगळे धरून चालले होते. ते पंगत बसण्याच्या वेळेला आले, कोणाशी बोलले नाहीत, आणि वाढप संथ चाललंय असं दिसल्यावर राहवलं नाही म्हणून स्वतःच उभे राहून वाढणाऱ्यांना ओरडायला लागले. सगळ्या मांडवाला हायसं वाटलं.

पुढे अंजूचे बाबा निवृत्त झाले. कचेरीत कॉम्प्युटर आला होता, पण साहेबांच्या केबिनमध्ये प्लास्टिकखाली झाकून ठेवलेला, त्यामुळे त्यांच्या शिक्षणाचा कचेरीला काडीचा उपयोग झाला नाही. क्लासला येणंही थांबलं. पत्नी गेल्यानंतर अंजूने त्यांना सासरी, उरणला नेलं.

मी एकदा त्यांना भेटायला गेले. घर किनाऱ्याला लागूनच. अंगणात जवळा वाळत घातलेला, लहान लहान कोळंबीचा गुलाबी सडा, आणि शेजारी खुर्ची टाकून हे बसलेले. जन्माचे शाकाहारी. नाकावर रुमाल बांधला होता आणि हातात कावळे हाकायची काठी. आतून त्यांच्या विहीणबाई आल्या. ठसठशीत, नऊवारीचा काष्टा मारलेल्या.

"ओ व्याही, नुसतं बसलाव काय? जवला उलटा करा, खालून वला हाय."

"करतो," हे उठत म्हणाले, आणि रुमालाआडून मला म्हणाले, "बाईंचं काम शिस्तीचं आहे. सकाळी काय करायचं ते सांगतात. मला बरं वाटतं."

"आमचे हे गेल्यापून या अंगणात मानूस नवता," विहीणबाई मला म्हणाल्या. "यांना जमत नाय काय, पन नाय म्हनत नाय."

जाताना मी सहज विचारलं, की बेटाची आठवण येते का. त्यांनी समुद्राकडे पाहिलं. ओहोटी होती, होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या. "येते," म्हणाले. "पण तिथे फार विचार करावा लागायचा हो."

ते गेल्याचं अंजूने फोनवर कळवलं. मी उरणची एसटी पकडली. अंजू आत बायकांमध्ये होती. विहीणबाई अंगणात एकट्याच जवळा पसरत होत्या. त्यांनी मान वर केली, डोळ्यांवरचा पदर बाजूला केला आणि म्हणाल्या, "बस गो बाय. कावल्यांनी आज निस्ता उच्छाद मांडलाय. हाकलाला मानूस नाय."

खुर्ची तिथेच होती, काठी भिंतीला टेकवलेली. मी काठी घेतली आणि बसले. पनवेलची एसटी यायला वेळ होता. विहीणबाई जवळा उलटा करत होत्या, आणि मी ऊन कलेपर्यंत कावळे हाकत राहिले.