शेजारणीच्या पाटल्या

लेकीच्या बाळंतपणासाठी अकलूजला जाताना शेजारणीने आपल्या सोन्याच्या पाटल्या माझ्याकडे ठेवायला दिल्या. चोर आधी कपाट उघडतो, म्हणून मी त्या ज्वारीच्या डब्यात खोल पुरल्या. तुमच्या आजोबांना सांगायचं राहिलं आणि त्यांनी तोच डबा दळायला नेला.

मी रिक्षाने गिरणी गाठली. पुढचाच डबा आमचा होता. मी त्यात कोपरापर्यंत हात घातला.

"काकू, ज्वारीत मासं धरताय का काय?" गिरणीवाला म्हणाला.

पाटल्या सापडल्या, त्या मी पदराच्या गाठीत बांधल्या. माझ्या हरवल्या असत्या तर रडून मोकळी झाले असते. तिला काय सांगणार होते?

फोनवर सगळं कबूल केलं. ती हसून म्हणाली, "मग हातातच घाला की!"

घातल्या. ती परत येईपर्यंत भाकरी थापतानाही मी मनगट चाचपत होते.