हिल्काच्या माळ्यावर काय भरायचं

हिल्का लेस्केला मूळ आमच्याच गावची, पण सारी नोकरी तिनं हेलसिंकीतल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात केली. लग्न केलं नाही. एकुलता एक भाऊ स्वीडनला गेला, तो तिकडचाच झाला. निवृत्त झाल्यावर तिनं तळ्याकाठी, वडिलांच्या जागेवर, दोन खोल्यांचं लाकडी घर बांधायला घेतलं.

उन्हाळा सरता सरता भिंती उभ्या राहिल्या, छपरावर पत्रा चढला. राहिला माळा. तिथं काहीतरी जाड भरलं नाही तर शेगडीची सगळी ऊब वरच्या वर निघून जाते.

मी टपालाची गाडी चालवते. एके दिवशी तिनं मला फाटकाशी थांबवलं.

"सिर्का, तुमच्या माळ्यावर काय भरलंय गं?"

"लाकडाचा भुसा. सासऱ्यांच्या वेळचा."

"आत येऊन नीट सांग. कॉफी टाकते."

नीट सांगण्यात तास गेला. मग ती ज्याला त्याला विचारू लागली, आणि जो तो सांगायला येऊ लागला. दुकानदार काचेच्या लोकरीच्या, म्हणजे ग्लासवूलच्या, बाजूचा. शेजारचा म्हातारा एइनो भुशाचा. सुतार तार्मो म्हणायचा, "मावशी, जुन्या वर्तमानपत्रांचा कीस यंत्रानं फुंकून भरू. सांदीकोपऱ्यात बरोबर जाऊन बसतो."

"म्हणजे निवडणुकीच्या बातम्या डोक्यावर घेऊन झोपायचं," एइनो म्हणाला.

"तुमच्या भुशात उंदरांची बाळंतपणं होतात, त्यापेक्षा बरं."

हिल्का वेलदोड्याचे गोड पाव पुढे सरकवत ऐकायची. शेवटी जो बोलेल त्याचं तिला पटायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शंका यायची. तिच्या टेबलाशी खुर्च्या कमी पडत होत्या.

तळ्याच्या कडेला बर्फाची साय धरली तेव्हा तार्मो म्हणाला, "मावशी, आता ठरवा. मला पुढची कामं आहेत."

ती जरा वेळ कपांकडे बघत बसली. "बरं. कीसच भर."

काम एका सकाळीत उरकलं. तार्मोनं कॉफीही उभ्यानंच घेतली. त्यानंतर तिच्याकडे जायला कुणाला कारण उरलं नाही. कामाशिवाय कुणाच्या दारात जाण्याची आमच्याकडे रीतच नाही.

जानेवारीत ती अंगणातलं बर्फ उपसत होती. मी गाडीतूनच म्हटलं, "तुझ्या छपरावर बर्फ कसं जाड बसलंय बघ. खालची ऊब वर जातच नाही. काम चांगलं झालं."

"आत येतेस?"

"टपाल राहिलंय गं."

ती फावड्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "एका कोपऱ्यातून ओलसर वास येतो. निदान मला तसं वाटतं."

मी गाडी बंद केली.

शिडी लावून, टॉर्च घेऊन वर गेले. करड्या किसात कोपरापर्यंत हात घातला. सगळं कोरडं ठणठणीत होतं. खालून कपबश्यांचा आवाज येत होता. उतरले तर दोन कप भरलेले, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

"काही दिसलं?"

"कोरडं आहे. पण असा कोपरा मधूनमधून बघावा लागतो."

"हो," ती म्हणाली. "बघावाच लागतो."

टपाल कमी असतं त्या दिवशी मी थांबते. शिडी आता कुणी लावत नाही. एरवी मी तशीच पुढे जाते. ती खिडकीशी असते, हात करते. मीही करते.