लखलख्याचं पदक

बोटीवर त्याला सगळे लखलख्या म्हणत. समुद्र ओलांडणाऱ्या त्या भल्यामोठ्या प्रवासी बोटीचे पितळी कठडे, दारांच्या मुठी, दिव्यांच्या कडा घासून चकचकीत ठेवायच्या, एवढंच त्याचं काम. चौदा वर्षं तेच. बोट मोडीत निघाली तेव्हा कंपनीनं प्रत्येक कामगाराला पितळी पदक दिलं. पुढं तीन धुराड्यांची बोट, मागं कामगाराचं नाव कोरलेलं.

बोट गेली, पाठोपाठ गुडघे गेले. हाताची खोड काही गेली नाही. दर रविवारी जेवण झालं की हा गडी पॉलिशची डबी आणि फडकं घेऊन पदक घासायला बसे.

बायको म्हणे, "माझ्याकडं कधी एवढ्या मायेनं बघितलं नाहीत."

"तू पितळेसारखी हिरवी पडत नाहीस ना!"

अशी चाळीस वर्षं गेली. यंदा संग्रहालयानं त्या बोटीवरच्या कामगारांच्या नावांचा फलक करायला घेतला. कंपनीची दप्तरं कधीच जळालेली. म्हणून पदकावर ज्याचं नाव, त्याचंच फलकावर. लखलख्याला आयुष्यात कुठं आपलं नाव लागावंसं वाटलं असेल तर ते इथंच. दोन बस बदलून, जिन्याचा कठडा धरत धरत नवराबायको पोचली.

तिथल्या बाईनं पदक उलटं केलं. भिंगाखाली धरलं, मग खिडकीशी नेलं.

"आजोबा, मागं तर काहीच नाही."

"नीट बघा की. नाव आहे."

"माझंच तोंड दिसतंय हो."

त्यानं अंगठा फिरवला. कुठं काही लागेना. इतकी वर्षं तो चमक बघत आला होता. अक्षरं बघायची कशाला, नाव तर पाठच होतं.

"घासा अजून!" बायकोनं कपाळावर हात मारला. "स्वतःचं नाव स्वतःच पुसणारा दुसरा नाही बघितला मी."

बाई म्हणाली, "बोटीवरचं कुणी ओळखीचं? साक्ष चालेल."

"होते. गेले सगळे."

"मग पदक आम्हाला दिलंत तर देणगीदार म्हणून नाव लावू."

"देणगीदार बोटीच्या वरच्या मजल्यावर असायचे, बाई. मी त्यांचे कठडे घासायचो."

तो खुर्चीत टेकला. परतीच्या दोन बस डोळ्यांपुढं आल्या.

"ठेवा इथंच," शेवटी म्हणाला. "घरी नेलं तर परत घासत बसेन. नाव नको."

बाईनं पदक घेतलं आणि रुमालानं त्यावरचे ठसे टिपायला लागली. लखलख्यानं पटकन तिचं मनगट धरलं.

"पुसू नका. पुढचं एक धुराडंही जायला आलंय."